राजा मेघशल्याच्या तळओळी

पत्त्याच्या तळाशी तिरक्या अक्षरांत दोन ओळी छापतात. खेळायला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. ताकद वर आकड्यात लिहिलेली असते, मधे चित्र असतं, चित्राखाली नियम असतात आणि मग उरल्यासुरल्या जागेत त्या दोन ओळी. कुणा नावाड्याचं बोलणं, पडलेल्या गडावरचा शिलालेख, एखाद्या राणीचा शाप, असलं काहीतरी. पण त्या काढून टाकल्या तर हातात आकडे लिहिलेला पुठ्ठा उरतो, आणि पुठ्ठ्यासाठी कोणी जीव टाकत नाही. कुडाळजवळच्या त्या कंपनीत या ओळींना तळओळ म्हणत, आणि हेमांगी धुरी त्या लिहायची.

‘खारभूमी’ हा कंपनीचा खेळ. समुद्राला भरती आली ती ओसरलीच नाही असं एक राज्य, मिठाने खाल्लेल्या मूर्ती, एकेक करून बुडणारे गड आणि गादीवर राजा मेघशल्य. नवा संच बाजारात आला की खेळाडू पत्ते लढवत, पण त्याहून जास्त वेळ ते तळओळी जुळवत बसत. राज्याची गोष्ट सलग कुठेच छापलेली नव्हती. शेकडो पत्त्यांवर ती चिमटीचिमटीने टाकलेली असायची आणि ज्याने त्याने ती आपली आपण शोधायची. लोकांना त्याचंच वेड होतं.

मग कंपनीने ‘शहारा’ आणला. पत्त्याच्या कडेला केसाहून पातळ एक पापुद्रा असतो. धरणाऱ्याच्या बोटांचा घाम, कातडीखालची नाडी, अंगावर काटा येताना रक्त आत कसं ओढलं जातं, हे सगळं तो टिपतो आणि कंपनीला कळवतो. खेळाडूच्या संमतीने, अर्थात. संमतीच्या चौकोनावर टिचकी मारताना आजवर कोणी काय वाचलंय? तर कुठली ओळ किती जणांच्या अंगावर काटा आणते याचा आकडा आता निघू लागला, आणि आकडा निघाला की त्यावरून माणसं जोखली जाणारच.

यंत्रंही तळओळी लिहीत होती. ढिगाने लिहायची, पण त्यांचा शहारा शंभरात चाळिशीच्या वर सरकत नसे. कारण साधं आहे. वाचताना मेंदू पुढचा शब्द आधीच ओळखून ठेवतो. तोच शब्द आला तर त्याला जांभई येते. भलताच आला तर तो खांदे उडवतो. पण हव्या असलेल्या शब्दाच्या अगदी शेजारच्या फळीवरचा शब्द आला, म्हणजे चुकीचा आणि तरी बिनचूक, तर अंगावर काटा उभा राहतो. यंत्रांना नेहमीची फळी पाठ होती. शेजारची फळी त्यांना सापडत नव्हती; मोकळं सोडलं की ती सरळ बरळायलाच लागायची.

दुर्दैव असं की ती हेमांगीलाही सापडत नव्हती. बारा-पंधरा वर्षं मन लावून लिहिणाऱ्या बाईचा आकडा यंत्रांच्या जेमतेम वर होता. कंपनीचा मालक निषाद बोंद्रे तिच्याहून वयाने लहान, कोल्हापूरचा, बोलायला अगदी साखर. तो म्हणाला, "हेमांगीताई, घाई काही नाही. पण या संचानंतर आपण एकदा बसून बोलूया हं." बसून बोलण्याचा अर्थ काय असतो हे हेमांगीला चांगलं ठाऊक होतं.

त्याच वर्षी शिमग्यात तिच्या वडिलांना झटका आला.

आबा, म्हणजे अनंत धुरी, दशावतारी नट. उभी हयात त्यांनी राजाची भूमिका केली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते आणि संवाद उभ्याउभ्या रचायचे असतात, तेही भरजरी पुस्तकी मराठीत. मुकुट उतरवला की आबा मालवणीवर यायचे. उजाडता उजाडता नाटकाहून परतले की अर्धवट झोपेतल्या हेमांगीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत विचारायचे, "काय गो बाय, जेवलंस?" पहाटे कोण जेवतं? पण त्यांची दिवसातली तेवढीच भेट. बाकीचा बाप गावोगावच्या देवळांसमोर लोकांचा राजा होऊन उभा असायचा, आणि हेमांगीला याचा राग होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही, एवढंच.

झटक्यानंतर आबांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. इस्पितळात ते नुसते तोंड उघडायचे आणि मिटायचे. घरी आणल्यावर एका सकाळी ते खुर्चीत ताठ बसले, डाव्या हाताने हवेत खूण केली आणि अख्ख्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेनापती! उकळतं तळं घेऊन या. त्याच्या काठावर थोडी साखर सांडलेली असावी."

हेमांगी हसत सुटली. जानकी आते, आबांची धाकटी बहीण, विधवा होऊन माहेरी राहिलेली, ती डोळे पुसत स्वयंपाकघराकडे धावली. "हसतंस काय? चाय व्हयी तेका!"

गोव्यातल्या डॉक्टर अल्मेडांनी त्याचा उलगडा केला. खुर्चीत आबा, बाजूला आते, समोर हेमांगी. "रोजचं बोलणं मेंदूच्या डाव्या अंगाला राहतं," त्या म्हणाल्या. "तिथेच मार बसलाय. पण पाठ झालेली गाणी, स्तोत्रं, अशी वर्षानुवर्षं घोटलेली भाषा दुसरीकडेही रुजते. यांची घरची भाषा गेली, रंगभूमीवरची राहिली. म्हणून चहा मागायलासुद्धा राजाच व्हावं लागतं. ओळख, समज, सगळं शाबूत आहे. आपण बोलतो ते यांना कळतंय."

"आणि इलाज?" आतेने विचारलं.

इलाज होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे त्या जखमेवर अंथरायचे, मग काही आठवडे सराव. "पूल बांधायचा म्हणा ना," डॉक्टर आबांकडे वळून सावकाश म्हणाल्या. "इकडून तिकडे. पलीकडे तुमची मालवणी अजून आहे. पण जखमेच्या कडा मऊ आहेत तोवरच हे जमतं. पावसाळा सरायच्या आत या. आणि एक सांगून ठेवते. पूल झाला की ही राजाची भाषा बहुधा जाईल. राजा जाईल, माणूस परत येईल."

आबांनी डाव्या हाताने डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "सेतू," ते म्हणाले. "सेतू बांधा."

आतेला रडू आलं. हेमांगीनेही मान डोलावली, आणि मी तरी म्हणेन की त्या क्षणी ती मनापासूनच डोलावली होती.

घरी परतल्यावर पत्ते तसेच पडलेले. ‘जखमी सरदार’ या पत्त्याची तळओळ सुचत नव्हती. आबा समोर आपला लुळा हात मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्याकडे पाहत स्वतःशीच म्हणाले, "हा उजवा प्रांत बंड करून उठला नाही. नुसता झोपला. झोपलेल्या प्रांतावर चाल करून कसं जायचं?"

हेमांगीच्या मानेवर सरसरून काटा आला. तिने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. सरदाराच्या जागी राजा केला आणि पाठवून दिलं.

छपाईआधीच्या चाचणीगटाचा आकडा आला तो निषादने स्वतः फोन करून सांगितला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "ताई, हे काय आहे? कुठून आणलंत हे? मला अशा ओळी आणखी हव्यात."

हेमांगीने खरं सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. ती म्हणाली, "सुचलं."

त्या दिवसापासून घरात राजाचा दरबार भरू लागला. आबा बोलायचे आणि हेमांगी टिपायची. ती आरशासमोर दाढी करून देत असताना ते म्हणाले, "या खिडकीत रोज एक म्हातारा कर भरायला येतो. त्याला सांगा, माफ केला." ही ओळ पुढे खेळाडूंनी सदऱ्यांवर छापून घेतली. एखादा शब्द निसटला की हेमांगी म्हणायची, "पुन्हा म्हणा, आबा." ते पुन्हा म्हणायचे. जमलं की ती टाळ्या वाजवायची, त्यांच्या गालावरून हात फिरवायची, ताटात गोड वाढायची. आबांचा चेहरा उजळायचा. नटाला टाळी कळते. बोबड्या मालवणीत काही निघतंय का म्हणून ते कधी ओठ जुळवत बसले, तर ती शांतपणे वाट पाहायची, आणि त्यांनी दमून राजाच्या भाषेत उडी मारली की पुन्हा टाळ्या.

खरं म्हणजे ती सुखात होती. आयुष्यभर दुसऱ्या गावांना वाटलेले बापाचे शब्द आता सगळेच्या सगळे तिच्या ओंजळीत पडत होते. निषादने बसून बोलण्याचं नाव काढलं नाही. उलट मेघशल्याचा वेगळा संच जाहीर झाला आणि खोक्यावर पहिल्यांदाच तळओळी लिहिणाऱ्याचं नाव आलं. आबांना तिने ते खोकं दाखवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, "सेतू बांधा, कन्ये. पलीकडे माझी माणसं उभी आहेत आणि मला त्यांना हाक मारता येत नाही."

आता याचा अर्थ न कळण्यासारखा होता का? डॉक्टरांच्या खोलीत ती स्वतः बसलेली होती. पण हेमांगीने रामायण आठवलं, वानरसेना आठवली, केवढी मोठी प्रतिमा आहे म्हणून तिचा ऊर भरून आला आणि तिने ओळ लिहून घेतली. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते न कळण्यात तो फार हुशार असतो. शहारा ऐंशीच्या पार गेला.

आतेला मात्र रामायण वगैरे काही आठवत नव्हतं. ती रोज विचारी, "गोव्याक कधी नेतलंस?"

"नेते गं आते. एवढा संच संपू दे."

"पाऊस सरत इलो. डाक्टरणीन काय सांगल्यान तां इसारलंस?"

"विसरले नाही. पण थोडं थांबल्याने काय होतंय? आबा किती खूश असतात बघ. इतकी माणसं त्यांचं बोलणं वाचतायत."

"तेंका काय ठावक तां आनंताचां बोलणां? थय तुजां नाव आसा." आते दारात आडवी उभी राहिली. "माज्या भावाक नाटक करूक लावतंस तू. तो नाटक करणा नाय, गो. तेका दुसरां येणाच नाय. शिरां पडो त्या पत्त्यांर!"

हेमांगी त्या रात्री जेवली नाही. रागाने नव्हे, आतेचं म्हणणं खरं होतं म्हणून. सकाळी तिने गोव्याचा फोन लावायला घेतला, तेवढ्यात निषादचा आला. दुसरा संच खेळाडूंच्या दिवाळीच्या मेळ्याआधी काढायचं ठरलंय, तोवर राजा हवाच. तो गोड बोलत राहिला आणि ती हो म्हणत राहिली. गोव्याचा फोन लावायचा राहून गेला, असं ती नंतर म्हणायची. राहून गेला नाही. तिने तो ठेवून दिला.

दुसऱ्या संचाच्या वेळी आबा कमी बोलू लागले. दिवसच्या दिवस पावसाकडे बघत बसायचे. हेमांगीची तारांबळ उडाली. ती त्यांच्यापुढे वस्तू ठेवू लागली. शंख, जुनी तलवार, रिकामा पिंजरा. कधी काठी हाताच्या पलीकडे सरकवून ठेवायची आणि ते काय म्हणतात ऐकायची. "पहारेकरी," ते म्हणाले, "सेतूचं काय झालं? दगड वाळले. वानर म्हातारे झाले." तिने काठी परत दिली आणि ओळ लिहून घेतली. ‘कन्ये’चं ‘पहारेकरी’ झालेलं तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिला वाटलं, पात्राला नवा कंगोरा मिळतोय.

एकदा चार दिवस एक शब्द निघाला नाही. राणीचा पत्ता अडून राहिला होता. तेव्हा हेमांगीने जे केलं ते सांगताना मला तिची शरम वाटते. तिने भिंतीवरचा आईचा फोटो काढला, हार उतरवला आणि तो आबांच्या मांडीवर ठेवला. मग समोर स्टूल घेऊन बसली.

आबा फोटोकडे बघत राहिले. त्यांचे ओठ आईचं नाव जुळवत होते; सुरुवात व्हायची, जीभ अडायची, पुन्हा सुरुवात. हेमांगीला ते नाव दिसत होतं. तिने ते उच्चारून दिलं असतं तर म्हाताऱ्याची सुटका झाली असती. ती थांबून राहिली. अखेर आबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून राजा बोलला. "या राणीला कुणी सांगितलंच नाही की युद्ध संपलं. ती अजून माझा भात झाकून बसली आहे."

ते संध्याकाळपर्यंत हुंदके देत होते. आतेने फोटो हिसकावून घेतला आणि हेमांगीशी बोलणं टाकलं. राणीची तळओळ ‘खारभूमी’च्या इतिहासात सगळ्यांत वर जाऊन बसली.

पाऊस सरला. संच छापायला जाण्याआधी आबांनी आणखी एक ओळ दिली. या वेळी हाक नव्हती, कन्या नाही की पहारेकरी नाही. ते भिंतीला उद्देशून म्हणाले, "सेतू राहू दे. हा दरबार तेवढा उठवा. मी बोललो की लोक लिहितात. ऐकत कोणी नाही."

हेमांगीने पेन खाली ठेवलं. उठून परसात गेली, विहिरीच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन तिने ती ओळ स्वच्छ अक्षरात उतरवली आणि पाठवली.

मेळा कोल्हापुरात होता. मोठा मंडप, हजारभर खेळाडू, मिठाने माखल्यासारखे रंगवलेले खांब, मधोमध बुडणारं सिंहासन आणि कुठून तरी सतत येणारी लाटांची गाज. वातावरण असं की आत पाऊल टाकताच माणसं हळू बोलू लागायची. हेमांगीला व्यासपीठावर बसवलं होतं. प्रश्नांच्या वेळी बेळगावच्या एक बाई पत्त्यांची चळत घेऊन वर आल्या. वसुधा हेब्बाळकर, वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत.

"मी फौजदारी वकील," त्या ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या, "आणि खारभूमीची व्यसनी. साक्षीपुरावा क्रमाने लावायची मला खोड आहे. मेघशल्याच्या सगळ्या तळओळी मी छपाईच्या क्रमाने लावल्या. परवानगी आहे ना?"

निषाद उत्साहाने म्हणाला, "अहो, लावाच!"

एकेक पत्ता मागच्या पडद्यावर मोठा होऊन दिसू लागला. वकीलबाई रंगात आल्या. "बघा, राजा कैदेत आहे. कुठल्या गडावर नव्हे, स्वतःच्याच तोंडात. उजवा हात गेलाय. आपल्या माणसांना हाक मारता येत नाही. म्हणजे हा आजारी माणूस आहे, आणि सेतू हा त्याचा इलाज. तो किती वेळा मागतो मोजा! आणि कुणाकडे मागतो? आधी कन्या. मग तीच कन्या पहारेकरी झाली. शेवटी तिला नावसुद्धा नाही. का? तर इलाज तिच्या हातात आहे आणि ती करत नाही. कारण शेवटच्या ओळीत आहे. मी बोललो की लोक लिहितात! ती त्याचं बोलणं लिहून विकतेय हो. राजा बरा झाला तर तिचा धंदा बसेल!"

मंडपात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खांब हलले. लोक उभे राहिले. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणी डोळे पुसत होतं. वकीलबाईंनी हेमांगीपुढे हात जोडले. "मॅडम, एवढी निष्ठुर गोष्ट इतक्या तुकड्यांत लपवलीत, धन्य आहे तुमची. आता एकच सांगा. मुलगी सेतू बांधते की नाही?"

"नको!" मागून कोणीतरी ओरडलं. "राजा बरा झाला तर बोलणार कोण?" हशा पिकला. मग सगळा मंडप ताल धरून म्हणू लागला, "सेतू नको! सेतू नको!" निषादही हसत टाळी देत होता.

ध्वनिक्षेपक हेमांगीच्या तोंडापाशी आला. ती हसली. "अजून ठरवलं नाही," ती म्हणाली, आणि त्यावरही टाळ्या पडल्या.

मेळ्याहून ती थेट घरी आली आणि दुसऱ्या दिवशी आबांना गाडीत घालून गोव्याला निघाली. आते मागे बसली.

डॉक्टर अल्मेडांनी तपासण्या केल्या आणि पडद्यावर मेंदूची चित्रं लावली. मग त्यांनी विचारलं, "यांना कोणी रोज बोलायला लावत होतं का? एकच वाक्य पुन्हा पुन्हा?"

आतेने हेमांगीकडे पाहिलं.

"उशीर झालाय हे एक," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता उशीर असता तर मी तरीही हात घातला असता. पण मेंदू जी वाट वापरेल ती रुंद करतो आणि बाकीची जागा तिला देऊन टाकतो. यांच्या राजाच्या वाटेचा हमरस्ता झालाय. कौतुकाने तर ते फार लवकर होतं. पलीकडे जी मालवणी होती, तिच्यावरून हा रस्ता गेलाय. मी पूल बांधेन, पण टेकवू कुठे?"

"थोडं तरी?" हेमांगी म्हणाली. "एखादा शब्द?"

डॉक्टरांनी मान हलवली. आबा खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना सगळं कळत होतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

घरी पोचल्यावर दुपारी पडवीत ऊन आलं होतं. आते तांदूळ निवडत बसली होती. हेमांगी आबांच्या पायाशी बसली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी मालवणीत बोलली. "आबा, माजा चुकला. माका सगळा कळत होता. पूल मागतास तां कळत होता. माका तुमचो शब्द व्हयो होतो, म्हणान मी थांबलंय." तिला रडू आवरेना. "माका मारा. पण एकदा बाय म्हणा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. किती तरी वेळ, नीट, डोळे न हलवता. मग ते ताठ बसले, हनुवटी वर केली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "आमच्या राज्यात देहदंड नाही. आम्ही फक्त विसरतो. आपण कोण?"

तांदळाचं सूप आतेच्या हातून निसटलं. "आनंता! चेडू मां तुजा ह्यां!"

आबांनी आतेकडे वळून सौम्यपणे हात वर केला, म्हणजे तिला ओळखलं होतं. मग पुन्हा हेमांगीकडे पाहून उत्तराची वाट बघत राहिले. दशावतारात समोरच्याने वाक्य टाकलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि तेही त्याच भाषेत.

हेमांगीच्या अंगावर काटा आला होता. मानेपासून थेट पायापर्यंत, राणीच्या ओळीलाही आला नव्हता असा. ‘मी तुमची मुलगी’ हे शब्द तिच्या ओठांवर होते. तेवढंच म्हणायचं होतं, आणि मग हा दंड भोगत जन्मभर या पडवीत बसायचं होतं. पण मुलीला या दरबारातून आता काही मिळणार नव्हतं हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तिसरा संच मेघशल्यावरच काढायचं निषादने मेळ्यातच ठरवलं होतं.

तिने पदराने डोळे पुसले. हात जोडले.

"मी आपली लेखनिक, महाराज."

आते उठून आत निघून गेली. आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी एकदा मान झुकवली, जणू काही अपेक्षेप्रमाणेच झालं.

"मग लिही," ते म्हणाले, आणि तिच्या हातून एकही शब्द चुकू नये म्हणून सावकाश सांगू लागले.